शेवटच्या ओळीतला ८.५८

मी एक जुना सन्मानफलक आहे, आणि मला तुमचा राग येतो. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर ज्यांनी माझ्या कडेला चघळलेलं च्युइंगम चिकटवलं, कंपासच्या टोकाने माझ्या अंगावर बदाम कोरले आणि निकालाच्या सकाळी मात्र माझ्यापुढे हात जोडले, त्यांना मित्र म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला जीभ नाही, ते सोडा. राग आहे, आणि तो पुरेसा आहे.

माझा जन्म एका तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत झाला. सुतारकामाचे मास्तर कडक होते. त्यांनी सागाच्या चार फळ्या निवडल्या, रंधा मारला, सांधे असे बसवले की आजही त्यांत नख जात नाही. वर काळा रंग दिला आणि पांढऱ्या रेघांनी तीस ओळी आखल्या. दर वर्षी एक ओळ. जो विद्यार्थी पहिला येईल त्याचं नाव, आडनाव आणि शेवटी त्याचा सीजीपीए. मला परीक्षा विभागाच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलं तेव्हा मास्तर मागे सरून म्हणाले, "आता याच्यावर खोटं काही लिहू नका म्हणजे झालं." सगळे हसले. मीही तेव्हा तरुण होतो, मलाही तो विनोदच वाटला.

सीजीपीए म्हणजे काय, हे तुमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नाही, आणि उरलेल्यांना ठाऊक आहे असं वाटतं. म्हणून ऐका. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. आठवड्यात त्या विषयाला किती तास घासायचं, त्यावर ती ठरतात. विषयात तुम्हाला जे ग्रेड पॉइंट मिळाले, त्यांना त्या विषयाच्या क्रेडिटने गुणायचं. असे सगळे गुणाकार मिळवायचे आणि एकूण क्रेडिटने भागायचं. एका सत्राचं केलं की त्या सत्राची सरासरी निघते. सगळ्या सत्रांचं एकत्र केलं की सीजीपीए. इतकं साधं आहे. यात हुशारी लागत नाही, फक्त आळस सोडावा लागतो, आणि तिथेच गाडी अडते.

आमच्या खिडकीत मोठे बाबू बसायचे. आमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सत्रं चार, आणि प्रत्येक सत्राला वीस क्रेडिट. सगळी सत्रं सारख्या वजनाची असल्यामुळे बाबूंनी एक पळवाट शोधली होती. चार सत्रांच्या चार सरासऱ्या मिळवायच्या आणि चारने भागायचं. उत्तर बरोबर यायचं. एकोणतीस ओळी अशाच भरल्या. बाबूंना वाटायला लागलं की हाच नियम आहे. चुकीच्या पद्धतीने बरोबर उत्तर येत राहिलं की माणूस फार ताठ होतो, हे मी समोरून पाहिलंय.

मग माझी शेवटची ओळ उरली आणि नेमका त्याच वेळी अभ्यासक्रम बदलला. पहिल्या दोन सत्रांना सोळा-सोळा क्रेडिट, तिसऱ्याला वीस, आणि चौथ्या सत्रात कार्यशाळेतला मोठा प्रकल्प आला म्हणून त्याला अठ्ठावीस. एकूण ऐंशी. नव्या नियमांचं पत्रक आलं, बाबूंनी ते खिडकीच्या फटीत घडी करून कोंबलं, कारण तिथून वारा यायचा.

त्या तुकडीत एका घरातल्या दोन चुलतबहिणी होत्या. मोठीला सगळे थोरली म्हणायचे. धाकटीचं नाव कार्यशाळेत ठिणगी पडलं होतं, कारण ती सतत ग्राइंडरपाशी असायची आणि बोलायलाही तशीच होती. दोघी एकाच छपराखाली वाढलेल्या, एकाच डब्यातून जेवणाऱ्या, आणि एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या. थोरलीचे वडील घरातले कर्ते, त्यांचं हार्डवेअरचं दुकान. ठिणगीचे वडील त्यांचे धाकटे भाऊ, त्याच दुकानात राबणारे.

थोरली पाठांतरात पक्की. पहिल्या सत्रात साडेनऊ, दुसऱ्यात नऊ. मग यंत्रं आली, हाताला ग्रीस लागायला लागलं, तशी ती घसरत गेली. तिसऱ्यात आठ, चौथ्यात साडेसात. ठिणगीचं उलटं. पहिल्या सत्रात सात, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात नऊ, आणि चौथ्या सत्रात तिने एक पाण्याचा पंप स्वतःच्या हाताने घडवून चालू करून दाखवला आणि साडेनऊ मिळवले.

त्या वर्षी नावापेक्षाही मोठी गोष्ट पणाला लागली होती. कार्यशाळेचे सहायक निवृत्त झाले होते. आमच्याकडची पद्धत अशी की ज्याचं नाव माझ्यावर चढेल, त्याचा त्या जागेवर पहिला हक्क. थोरलीला त्या जागेचा मान हवा होता. ठिणगीला लेथ हवा होता, ड्रिल हवं होतं, कार्यशाळेची किल्ली हवी होती. ती मिळाली नाही तर मोठ्या काकांच्या दुकानात काउंटरमागे बसून खिळे मोजत जन्म काढायचा, हे तिच्या घरी ठरून गेलं होतं.

निकालाच्या दिवशी पेंटर स्टुलावर चढून माझ्या शेवटच्या ओळीवर ब्रश टेकवून उभा होता. बाबूंनी खिडकीतून थोरलीचं नाव पुकारलं. ८.५०. पेंटरने नाव काढलं, आडनाव काढलं, आकडा काढला. रंग ओला होता तेवढ्यात ठिणगी गर्दी सारून खिडकीशी आली.

"बाबू, माझे किती?"

"आठ पॉइंट अडतीस. दुसरी आलीस. पेढे नंतर, आता बाजूला हो."

"कसे काढलेत?"

"कसे म्हणजे? चार सरासऱ्या मिळवल्या, चारने भागल्या."

"चारने का भागल्या?"

"सत्रं किती? चार. मग काय पाचाने भागू?"

गर्दी खिदळली. गर्दीला खिदळायला कारण लागत नाही, हेही मी अनेक वर्षं पाहतोय.

"चौथ्या सत्राला अठ्ठावीस क्रेडिट आहेत, पहिल्याला सोळा," ठिणगी म्हणाली. "दोन्हींना एकाच मापात कसं घालता? मी सगळ्यात जास्त कमावलं ते सगळ्यात जड सत्रात. तुम्ही त्याला पहिल्या सत्राइतकंच धरलंत."

बाबू चष्मा पुसायला लागले. तेवढ्यात थोरलीची आई पुढे झाली. साडीचा पदर खोचून ती जणू याच क्षणाची वाट पाहत होती.

"हिचं लहानपणापासून असंच आहे हो. बाद झाली की बॅट घेऊन घरी. हरलं की हिला हिशोबच चुकलेला दिसतो."

ठिणगी तिच्याकडे वळली. "मोठी आई, एक तांब्या कढत पाणी घे आणि एक बादली गार पाणी घे. एकत्र ओतलंस तर मधोमध कोमट होतं का?"

"आंघोळीचं काय काढलंस मध्येच?"

"गारच होतं. कारण बादली मोठी असते. ताईचं कढत पाणी तांब्यात आहे, माझं बादलीत आहे. आणि हे बाबू म्हणतात, भांडी दोनच ना, मग दोनने भागा."

मग ती तिथेच खाली बसली आणि माझ्या पायाशी फरशीवर खडूने लिहायला लागली. सात गुणिले सोळा, एकशे बारा. आठ गुणिले सोळा, एकशे अठ्ठावीस. नऊ गुणिले वीस, एकशे ऐंशी. साडेनऊ गुणिले अठ्ठावीस, दोनशे सहासष्ट. बेरीज सहाशे शहाऐंशी. भागिले ऐंशी. ८.५७५, म्हणजे ८.५८.

"आता ताई, तुझे," असं म्हणून तिने शेजारी दुसरी रांग मांडली. एकशे बावन्न, एकशे चव्वेचाळीस, एकशे साठ, दोनशे दहा. सहाशे सहासष्ट. भागिले ऐंशी.

थोरली वाकून बघत होती. तिचे ओठ हलताना मला स्पष्ट दिसले. तिला भागाकार आला होता, मित्रांनो. आकडेमोडीत ती कुणाला हार जाणारी नव्हती. ८.३२५ हे उत्तर तिच्या डोळ्यांत उतरलं, आणि दुसऱ्या क्षणी तिने पाय पुढे टाकून चपलेने ती रांग पुसून टाकली.

"फरशी घाण करू नकोस," ती म्हणाली.

ठिणगी उठली तशी तिचा हात तिच्या स्वतःच्या आईने धरला. "चल घरी. गप्प बस."

"आई, मी बरोबर आहे!"

"असशील. पण तुझे बाबा थोरल्या भाऊजींच्या दुकानात आहेत. एका छपराखाली राहायचंय आपल्याला. तुझ्या त्या पॉइंटवर घर चालत नाही." बाई रागाने बोलत होती, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने पोरीला अक्षरशः ओढत नेलं. मला त्या आईचाही राग आला आणि तिची कीवही आली. दोन्ही एकदम येतात, नाही येत असं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरले असताना प्राचार्य आणि मोठे बाबू माझ्यासमोर येऊन उभे राहिले. फळीला कान नसतात असं समजून लोक काहीही बोलतात.

"सर, पोरगी बरोबर आहे," बाबू पुटपुटले. "मी रात्रभर तेच केलं. वाटेल तसं फिरवून पाहिलं. तिचाच आकडा वर येतो."

"नेमणुकीच्या आदेशावर मी काल सही केली," प्राचार्य म्हणाले. "आता फिरवलं तर सगळ्या गावात शोभा."

"मग राहू दे?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. "राहू कसं दे? पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय. ती आकडे पडताळते. सर्वांत वरचा सीजीपीए ८.५८, आणि फलकावर ८.५०? पहिला प्रश्न हाच विचारतील. पेंटरला बोलवा. आकडा दुरुस्त करा."

"आणि नाव?"

"नावं कोण पडताळतं हो? आडनाव तर एकच आहे."

पेंटर आला. त्याने ऐकून घेतलं, डोकं खाजवलं. "साहेब, नाव एकीचं आणि आकडा दुसरीचा?"

"तुला रंगवायला बोलावलंय की तपासायला?"

तो माझ्यावर आकडे इंग्रजी वळणाचे काढायचा. इंग्रजी शून्याच्या पोटाला दोन्हीकडून चिमटा घेतला की त्याचा आठ होतो. काळ्या रंगाचे दोन थेंब, पांढऱ्या रंगाचा एक फटकारा, आणि काम झालं. मास्तरांनी घासून घासून गुळगुळीत केलेल्या माझ्या अंगावर, माझ्या शेवटच्या ओळीत, एकीची मेहनत दुसरीच्या नावाने लिहिली गेली. समिती आली, आकडा वाचला, मान डोलावली, चहा पिऊन गेली. मला हलता आलं असतं तर त्या दिवशी खिळ्यासकट त्यांच्या डोक्यात पडलो असतो.

थोरली कार्यशाळेची सहायक झाली. कमरेला किल्ली लावून ती रोज माझ्याखालून जायची आणि मान वर करायची नाही. यंत्रांशी तिचं जमत नव्हतं. तेल घालताना ती रुमालाने डबा धरायची. पोरांनी काही विचारलं की "पुस्तकात बघा" म्हणायची. लेथ दोनदा बिघडला, पंप तर कोपऱ्यात धूळ खात पडला. ठिणगीचाच पंप तो.

आणि ठिणगी यायची. दुकानातून कॉलेजला नटबोल्ट, ड्रिलची पाती, पॉलिशपेपर लागायचे, ते पोचवायचं काम तिच्याकडे होतं. खोकं काखेत धरून ती माझ्यासमोर थांबायची आणि शेवटची ओळ मोठ्याने वाचायची. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी.

"काय गं ताई, माझा आकडा शोभतो ना तुझ्या नावाला? घट्ट तर होत नाही?"

"माल ठेव आणि चालती हो," थोरली म्हणायची.

"ठेवते. मोजून घे. चारने भागू नकोस म्हणजे झालं."

असं वर्षभर चाललं. खोटं कशाला बोलू, मी त्या वेळेची वाट बघायचो. माझ्यासारख्या भिंतीला खिळलेल्या माणसाला, म्हणजे फळीला, दुसरं सुख काय असतं?

मग पहिल्या वर्षाच्या मुलांचा निकाल लागला. खिडकीत आता नवीन बाबू होते आणि त्यांनी पत्रक फटीतून काढून काचेवर चिकटवलं होतं. मुलं गोंधळली. क्रेडिट म्हणजे काय, गुणायचं कशाने, भागायचं कशाने. एका मुलीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि थोरलीला गाठलं.

"मॅडम, तुम्ही तर पहिल्या आलात. तुमचा आकडा कसा आला ते करून दाखवा ना. म्हणजे आम्हाला कळेल."

"मला वेळ नाही."

"पाचच मिनिटं. तुमच्या सत्रांच्या सरासऱ्या सांगा, आम्ही करतो."

बारा-पंधरा पोरं जमली होती. नाही म्हणायला थोरलीला जागा उरली नाही. तिने हलक्या आवाजात चार आकडे सांगितले. त्या मुलीने वहीत मांडले, क्रेडिट पत्रकावरून घेतली, गुणलं, मिळवलं, भागलं. मग पुन्हा भागलं.

"मॅडम, ८.३३ येतंय. माझं काहीतरी चुकलं."

"दाखव," दुसरा म्हणाला. त्यानेही केलं. तिसऱ्याने मोबाइलवर केलं. ८.३३.

"मग हा ८.५८ कुणाचा?" मुलीने विचारलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

व्हरांड्याच्या टोकाला ठिणगी खोकं घेऊन उभी होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, आणि मग पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती तरातरा ठिणगीपाशी गेली, तिच्या खोक्यातून पॉलिशपेपरचा एक ताव ओढला, स्टूल सरकवलं आणि वर चढली.

तिने स्वतःचं नाव घासायला सुरुवात केली. हळुवार नव्हे, संतापाने. पांढरा रंग गेला, काळा गेला, खालचं लाकूड उघडं पडलं, तरी ती थांबेना. माझ्या अंगाची आग आग होत होती. आडनाव आणि आकडा तेवढा उरला. ती खाली उतरली, बोटांची सालं निघाली होती.

"घे! घे तुझं!" ती ओरडली. "वर्षभर माझं रक्त प्यायलीस. बोलव त्या पेंटरला आणि लिही तुझं नाव. झालं समाधान?"

ठिणगीने खोकं खाली ठेवलं. "नाव ठेव तुझ्याकडे. मला नाव नकोच होतं, ताई. मला किल्ली दे."

थोरलीने कमरेची किल्ली उपटली आणि ठिणगीच्या पायाशी भिरकावली. फरशीवर ती खणकन वाजली, बरोबर त्याच जागी जिथे एकदा खडूची रांग पुसली गेली होती.

"उचल."

ठिणगी हलली नाही. "हातात दे."

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. मोजणाऱ्यांचा मला कंटाळा आला होता. शेवटी थोरली वाकली. तिने किल्ली उचलली, पदराला पुसली, का पुसली कोण जाणे, आणि धाकटीच्या तळहातावर ठेवली. दोघींच्या हातांची बोटं क्षणभर एकमेकींना लागली आणि दोघींनी ती चटका बसल्यासारखी मागे घेतली.

थोरलीने त्याच दिवशी राजीनामा दिला. प्राचार्यांनी तो घाईघाईने मंजूर केला आणि यादीतल्या दुसऱ्या नावाला, म्हणजे ठिणगीला, नेमणूक दिली. त्यांना उपरती झाली असं समजू नका. पोरं व्हरांड्यात मोठमोठ्याने गुणाकार करायला लागली होती, एवढंच कारण. पुढे त्या घरात चुली वेगळ्या झाल्या. ठिणगीच्या वडिलांनी दुकान सोडलं. बहिणी आजही एकमेकींशी बोलत नाहीत, आणि मी तुम्हाला गोड शेवट सांगणार नाही, कारण तो झालाच नाही.

माझं म्हणाल तर माझ्या ओळी संपल्या होत्या. भिंतीवर आता चमचमणारा पडदा आलाय, त्यावर नावं येतात आणि जातात. मला उतरवून जिन्याखाली टाकलं होतं. कोळिष्टकं, फुटक्या खुर्च्या आणि मी. तिथून ठिणगीने मला उचललं. मला वाटलं, आता पुसेल, रंग देईल. कसलं काय! तिने मला कार्यशाळेच्या भिंतीवर ठोकलं आणि माझ्या छातीवर, एकोणतीस पहिल्या आलेल्यांच्या नावांमधून, खिळे मारून पाने आणि हातोड्या टांगल्या. मान सन्मान सगळा धुळीला मिळाला.

तेव्हा मित्रांनो, माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. तुम्ही पुसणार नाही, मला माहीत आहे. एवढंच करा. कुणाची सरासरी काढायला बसाल, स्वतःची काढा नाहीतर शेजाऱ्याची, तेव्हा भागण्याआधी विचारा की यातलं कुठलं किती जड होतं. आणि उत्तर आवडलं नाही म्हणून चपलेने पुसू नका. फरशीवरचं पुसलं जातं, पण ज्याने ते पाहिलंय त्याच्या मनातून जात नाही.

माझ्या शेवटच्या ओळीत अजून नाव नाही. आडनाव आहे, ८.५८ आहे, आणि सुरुवातीला खरवडलेलं उघडं लाकूड. नवी मुलं विचारतात, "मॅडम, इथे कुणाचं नाव होतं?" ती उत्तर देत नाही, त्यांच्या हातात खडू देते आणि चार सत्रांचे आकडे सांगते. त्या उघड्या जागेवर तिने एक खिळा मारलाय, त्याला रोज संध्याकाळी यंत्रं बंद झाली की ती कार्यशाळेची किल्ली अडकवते. बाकीचे खिळे मला अजून टोचतात. त्या एका खिळ्याबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही.